सरांचं रक्त चालतं

प्रयोगशाळेत तिला सगळे 'नवी' म्हणत. तिला येऊन तशी चांगली तीन वर्षं झाली होती, पण तिचा करार दरवर्षी संपायचा आणि दरवर्षी नव्याने व्हायचा, त्यामुळे ती काही जुनी व्हायचं नाव घेत नव्हती. चाळिशी उंबरठ्यावर आली होती, कपाळाजवळची एक बट पांढरी झाली होती, तरी चहाच्या वेळी कप कमी पडले की "नवी, तू मागाहून घे" असं कोणीतरी म्हणायचंच. आणि ती मागाहून घ्यायची.

तिच्या उलट 'जुने'. जुने इथे विद्यार्थी म्हणून आले तेव्हा सरांच्या डोक्यावर केस होते. पुढे जुन्यांचा अभ्यास संपला, पदवी मिळाली, लग्न झालं, पण जुने काही हलले नाहीत. त्यांनाही दरवर्षी करारच मिळायचा. फरक इतकाच, की जुन्यांना त्याचं वाईट वाटायचं थांबलं होतं.

या दोघांच्या डोक्यावर सर. प्रयोगशाळा सरांची, कल्पना सरांची, आणि पुढे कळेल त्याप्रमाणे रक्तही सरांचंच.

काम असं होतं. माणसाचं हाड मोडलं, की त्याच्या अंगातल्या प्रतिकारशक्तीचं काय होतं, ते बघायचं. मोठ्या अपघातानंतर ही शक्ती कधी कधी लुळी पडते आणि गाडीखालून वाचलेला माणूस साध्या जंतूपुढे हात टेकतो, हे जगाला ठाऊक होतं. सरांचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. ते म्हणत, मोठा अपघात कशाला हवा, न्हाणीघरात घसरून नुसतं मनगट मोडलं तरी ती शक्ती झोपते, आणि महिनोन्‌महिने झोपते. हे जगाला ठाऊक नव्हतं. सर ते जगाला सांगत फिरत.

प्रयोग सोपा होता. मनगट मोडलेल्या माणसाचं थोडं रक्त नळीत घ्यायचं, त्यात मेलेल्या जंतूंचा अर्क थेंबभर टाकायचा आणि नळी उबेत ठेवून द्यायची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जाग्या असल्या तर जंतू आला म्हणून त्या बोंब ठोकतात, म्हणजे एक रसायन सोडतात, आणि ते यंत्राला मोजता येतं. आता बोंब लहान की मोठी हे ठरवायचं कसं? त्यासाठी त्याच दिवशी एका निरोगी माणसाचं रक्त घेऊन त्याच्यावरही तोच प्रयोग करायचा. या निरोगी माणसाला तिथे 'कंट्रोल' म्हणत. कंट्रोलची बोंब शंभर धरायची. रुग्णाची तीस भरली, की तीस टक्के.

कंट्रोल होते सर. नेहमी सर.

नमुने आले की सर आपल्या खोलीतून बाही दुमडतच बाहेर यायचे. त्यांची शीर पाइपासारखी होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. "या वयात असं रक्त दाखवा कोणाचं," ते म्हणायचे, आणि सुई टोचणाऱ्याला खुर्चीवर बसूनच उपदेश करायचे. नवीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, की कंट्रोल म्हणून रोज सरच का. तेव्हा जुने म्हणाले होते, "सरांचं रक्त चालतं." दूध कुठल्या दुकानातलं घ्यावं ते सांगावं, इतक्या सहजपणे. नवीने मान डोलावली. नव्या माणसाने मान डोलवायची असते.

सरांच्या रक्तापुढे मोडक्या मनगटांची रक्तं नेहमी तीसच्या आसपास भरायची. शोधनिबंध छापून आले. खालच्या मजल्यावर हाडांच्या डॉक्टरांकडे एक पत्रक ठेवलं गेलं: हाड मोडल्यानंतर सहा महिने प्रतिकारशक्ती दबलेली राहते, तरी गर्दीत जाऊ नये, घरी पाहुणे बोलावू नयेत, लहान मुलांना जवळ घेऊ नये. खाली तीन नावं होती, सरांचं, जुन्यांचं आणि नवीचं. मजकूर नवीनेच लिहिला होता. तिची भाषा चांगली होती, आणि 'लहान मुलांना जवळ घेऊ नये' हे वाक्य तर तिनेच सुचवलं होतं.

त्या वर्षी संस्थेने एक जागा कायम केली. एकच. सरांनी नवीला खोलीत बोलावून सांगितलं, "मुलाखत नावाला आहे. जुन्यांचाही अर्ज येईल, नियमाला दोन उमेदवार लागतात. पण ती जागा तुझीच समज."

नवीला त्या रात्री झोप लागली नाही. शिकून झाल्यापासून ती एका गावाच्या कराराहून दुसऱ्या गावाच्या कराराकडे फिरत आली होती. बारा गावचं पाणी प्यायली होती, आणि बारा गावी कपडे पेटीत ठेवून राहिली होती, कारण कपाट घेतलं तर ते हलवायचं कोणी? या गावात आई होती, वरच्या मजल्यावर दादा-वहिनी होते, त्यांची दोन वर्षांची पोर होती. हा करार संपला आणि पुढे काही नाही झालं, तर पुन्हा पेटी. तिला ही जागा हवी होती. हवी म्हणजे भूक लागल्यावर जेवण हवं असतं तशी हवी होती, आणि ते कबूल करायला तिला लाजही वाटत नव्हती.

मग आई स्टुलावरून पडली.

आईने उभं आयुष्य शिवणाचे वर्ग चालवले होते. स्वस्थ बसणं तिला माहीत नव्हतं. खिडकीची वरची काच पुसायला स्टुलावर चढली, स्टूल एकीकडे गेलं, आई दुसरीकडे, आणि उजवं मनगट मोडलं. नवी तिला आपल्याच इमारतीत घेऊन गेली. प्लास्टर झालं. मग, आता आलोच आहोत तर, म्हणून वरच्या मजल्यावर तिचं रक्तही घेतलं. सरांनी स्वतः आईला खुर्ची दिली आणि तिच्याशेजारी बसून आपलाही हात पुढे केला. आईला कोण आनंद झाला. दोघांच्या नळ्या एकाच पेटीत गेल्या.

आईचे एकतीस टक्के भरले.

"म्हणजे नापास," आई म्हणाली. पण तिने ते अभिमानानेच सांगितलं, भेटेल त्याला सांगितलं. लेकीच्या संशोधनात आपलं रक्त आहे ही काय लहान गोष्ट झाली? पत्रक तिने दिव्याखाली बसून दोनदा वाचलं, खालचं नाव बोटाने दाखवलं, आणि त्या दिवसापासून पत्रकाबरहुकूम वागायला लागली. शिवणाच्या बायकांना तिने निरोप धाडला, येऊ नका. दाराला कडी लागली.

सगळ्यात कठीण होतं ढब्बीचं. ढब्बी म्हणजे दादाची पोर. गालांनी भरलेली, आणि उठल्यापासून झोपेपर्यंत आजीच्या अंगावर लोळणारी. नवीने स्वतः वर जाऊन वहिनीला बजावलं, "सहा महिने तिला खाली पाठवू नका. तिला सारखी सर्दी असते. आईला सोसायचं नाही."

वहिनी म्हणाली, "सहा महिने? अहो ताई, ती विसरून जाईल आजीला."

"विसरली तर पुन्हा ओळख होईल," नवी म्हणाली. तिला वाटलं, आपण किती समंजस बोललो.

ढब्बी विसरली मात्र नाही. रोज जिना उतरून यायची आणि दारावर थापा मारायची. आई दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसायची आणि म्हणायची, "बाळा, आजी आजारी आहे गं." थोड्या वेळाने थापा थांबायच्या. आई तशीच बसून राहायची. तिच्या हाताला काही काम नव्हतं, घरात कोणाचा आवाज नव्हता. आठवड्यागणिक ती बारीक होत गेली. नवीला ते दिसत होतं, आणि वाईट वाटत होतं, पण विज्ञानापुढे इलाज नाही असं ती मनाला सांगायची. दबलेली प्रतिकारशक्ती माणसाला मरगळ आणते, असंही तिने कुठेतरी वाचलं होतं.

अशात सरांना परदेशी व्याख्यानाचं बोलावणं आलं. सर गेले, आणि दुसऱ्याच दिवशी खालून मनगटाचे नमुने आले. कंट्रोल नाही. जुने म्हणाले, नमुने टाकून द्यावेत. नवीला ते पटेना. माणसांनी दुखऱ्या हातांनी दिलेलं रक्त असं मोरीत ओतायचं? तिने आपली बाही दुमडली. निरोगी माणूस हवा ना, मग ती काय मेली होती?

संध्याकाळी यंत्राने आकडे दिले. मोडक्या मनगटांची आणि नवीची बोंब सारखीच होती. सरांच्या नेहमीच्या आकड्याशी तुलना केली, तर नवीचे अठ्ठावीस टक्के. आईपेक्षाही कमी.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याला काहीतरी झालंय, हाच पहिला विचार. मनगट तर मोडलेलं नाही, मग आत काय मोडलंय? जुन्यांनी आकडे पाहिले आणि तिला धीर दिला, "अर्क नासला असेल." अर्काची दुसरी बाटली उघडली. पुन्हा तेच. "मग तू नासली असशील," जुने म्हणाले, आणि तिची थट्टा करायला आपला हात पुढे केला. जुन्यांचे तेहतीस भरले.

थट्टा संपली. जुन्यांनी कार्यालयातल्या कारकुनाला बोलावलं. तो रोज सकाळी पोहायचा आणि त्याचं सगळ्यांना कौतुक ऐकवायचा. त्याचे तीस. फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं. त्याच्या दंडावर सुई वाकेल की काय अशी भीती वाटत होती. त्याचे एकोणतीस.

"सगळा मजलाच आजारी आहे," जुने गंभीरपणे म्हणाले. "हवेतून काहीतरी येतंय." आणि त्यांनी खरोखरच वातानुकूलन यंत्रवाल्याला बोलावून जाळ्या साफ करून घेतल्या. पहारेकरी बिचारा घाबरून दोन दिवस रजेवर गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

नवी मात्र आकड्यांचा कागद पुढ्यात घेऊन बसली होती. पहारेकरी, पोहणारा कारकून, जुने, ती स्वतः, आणि इतक्या वर्षांची सगळी मोडकी मनगटं. सगळी एका ओळीत. त्या ओळीतून वर डोकं काढून उभे असलेले एकटे सर.

तिने हळूच विचारलं, "जुने, अगदी सुरुवातीला, कंट्रोल म्हणून दुसऱ्या कोणाचं रक्त घेतलं होतं का हो?"

"घेतलं होतं की. माझं घेतलं, कारकुनाचं घेतलं."

"मग?"

"मग काय, रुग्णात आणि आमच्यात फरकच दिसायचा नाही. प्रयोग चालायचाच नाही. सर फार खचले होते. मग एकदा त्यांनी स्वतःचं रक्त दिलं, आणि पहिल्या फटक्यात चालला." ते दिवस आठवून जुन्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "तेव्हापासून सरांचंच."

घोडं कुठे पेंड खात होतं ते नवीला दिसलं. इतकी शिकलेली माणसं, आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. प्रयोग ज्याने चालतो तो निरोगी, आणि ज्यांनी चालत नाही ते बाद. तिला तरी कुठे वाटलं होतं?

मग तिला सरांच्या खोलीतला लवंगेच्या तेलाचा वास आठवला. सर वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावत. चहा निवाल्याशिवाय पीत नसत. गार पाण्याला हात लावत नसत, आणि ते सगळं प्रकृतीला चांगलं म्हणून सांगत. दाताच्या मुळाशी जुना पू असला, तर अंगातल्या पेशी कायम हातात काठी घेऊनच उभ्या असतात. जंतूचा थेंब पडायचा अवकाश, की तिप्पट बोंब. जगातला एकमेव निरोगी माणूस म्हणून ज्यांना धरलं होतं, तेच तेवढे आजारी होते.

सर परतले ते सगळ्यांना चॉकलेटं घेऊन. स्वतः खाल्लं नाही. नवीने दार लोटून त्यांना सगळं सांगितलं, कागद दाखवले. सर चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे माझ्या पेशी इतरांपेक्षा चांगल्या आहेत, असंच ना?" ते म्हणाले.

"चांगल्या नाहीत सर, चिडलेल्या आहेत. तुम्ही एकदा दातांच्या डॉक्टरकडे..."

"दात सगळ्यांनाच असतात." सर हसले, एका बाजूने. "हे बघ, तू चार माणसं बघितलीस. मी किती वर्षं बघतोय? मुलाखत होऊ दे तुझी. मग शांतपणे बसू या यावर." आणि मायेने म्हणाले, "जरा वाळली आहेस. आईचं करून दमतेस."

पालथ्या घड्यावर पाणी. पण दैव कधी कधी नवीपेक्षा चांगलं समजावून सांगतं. पुढच्याच आठवड्यात सरांचा गाल फुगला. रात्रभर कळा सोसून ते सकाळी दातांच्या डॉक्टरकडे गेले, आणि मुळाशी पू धरलेली एक दाढ गमावून आले. गाल उतरायला लागल्यावर नमुने आले, तशी सरांनी सवयीने बाही दुमडली. नवीने प्रयोग लावला.

सर त्यांच्याच जुन्या आकड्याच्या चौतीस टक्क्यांवर उतरले होते. पहारेकऱ्याच्या ओळीत येऊन उभे राहिले होते.

तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला. बोलायचं काय? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सर कागदाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. नवीला त्यांची खरोखर दया आली, आयुष्यभराचं काम असं एका दाढेबरोबर जावं.

"इजा," सर सुजलेल्या तोंडाने म्हणाले.

"काय सर?"

"दात काढला. इजा झाली. आणि बघ, प्रतिकारशक्ती कशी कोसळली." त्यांनी गालावर हात ठेवला. "मनगटसुद्धा नाही गं. एवढीशी दाढ. माझ्याच अंगावर सिद्ध झालं."

"सर, ही इजा नाही. तुमचं दुखणं बरं झालंय."

"जखम आहे की नाही?"

"आहे, पण..."

"मग?"

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला करता येत नाही, असं म्हणतात. सर सोंग घेत नव्हते. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि त्यावर तर कुठलीच म्हण नाही. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की हा आकडा मुलाखतीत नवीनेच पडद्यावर दाखवायचा. "ही तुला माझी भेट. जागा पक्की झाली म्हणून समज."

त्या संध्याकाळी नवी नेहमीसारखी मागच्या दाराने घरात आली तेव्हा आई दारामागच्या खुर्चीवर होती. दाराच्या बाहेर थापा चालू होत्या.

"आई, दार उघड," नवी म्हणाली. "तुला काही झालेलं नाही. तुझं रक्त माझ्यासारखंच आहे, सगळ्यांसारखं आहे. आमचं मोजणं चुकलं होतं."

आईने तिच्याकडे बघितलं. "तुला माझी दया येते म्हणून बोलतेस."

"नाही गं. खरंच सांगते."

"आणि सर? ते काय म्हणतात?"

नवी गप्प झाली. आईला तेवढं पुरलं.

"त्या पत्रकाखाली तुझं नाव छापलंय," आई म्हणाली. "सगळ्या गावाला वाटलंय ते. तू खोटं छापशील होय? मी ओळखत नाही का तुला? घरात माणूस समजूत काढायला काहीही बोलतं. छापायचं असतं तेव्हा विचार करून बोलतं."

"आई, मी तुझी मुलगी आहे. मला यातलं कळतं."

"कळतं म्हणूनच तुझं छापलेलं ऐकते." आईने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. "त्या पोरीला जवळ घेऊन मला काही झालं, तर उद्या लोक तुलाच हसतील. डॉक्टरांच्या आईलाच कळलं नाही म्हणतील."

पिकतं तिथे विकत नाही. बाहेरच्या थापा थांबल्या. ढब्बी एकेक पायरी बसून बसून वर जात असल्याचा आवाज आला, आणि आई तो शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिली. नवीला रडू आलं. दारामागची ही बाई तिने स्वतः कोंडली होती, तेही चांगल्या भाषेत.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी जुन्यांनी तिला बाजूला घेतलं. जुने मनाने वाईट नव्हते. "तुझ्या डोक्यात काय आहे ते मला दिसतंय," ते म्हणाले. "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. आधी कायम हो. कायम झालेल्या माणसाचं खरं बोलणं जास्त ऐकतात."

"तुम्ही ऐकलंय कधी कायम झालेल्या माणसाला खरं बोलताना?"

जुन्यांनी विचार केला. "आपल्याकडे कायम फक्त सर आहेत," ते म्हणाले.

मुलाखत मोठ्या टेबलाच्या खोलीत होती. मधोमध संस्थेच्या संचालक बाई, एका बाजूला बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला सर. त्यांचा गाल अजून किंचित सुजलेला होता. नवी बोलायला लागली. पहिली दहा मिनिटं तिने मनगटांविषयी सांगितलं, आणि सर मान हलवत राहिले. मग दाढेचा आकडा पडद्यावर आला, आणि सरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

 आता नवीला एक वाक्य म्हणायचं होतं. 'यावरून दिसतं, की लहानशा इजेनेही.' ते वाक्य तिने पाठ केलं होतं. म्हटलं की जागा आपली, गाव आपलं, आणि आई सहा महिने दारामागे. सहाच महिने. मग पुढचं मनगट, पुढची आजी.

"हे सगळे आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण आम्ही ते ज्याच्याशी ताडून बघितले, ते निरोगी रक्त नव्हतं." आणि तिने दुसरा तक्ता लावला. एकीकडे मोडकी मनगटं, दुसरीकडे ती, जुने, कारकून, पहारेकरी आणि दाढ काढल्यानंतरचे सर. रेष सरळ होती.



"म्हणजे त्या मजल्यावर निरोगी कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"सगळेच. सर सोडून."

तज्ज्ञांना हसू फुटलं. पण आपल्याशिवाय कोणी हसत नाही असं बघून त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

सर बोलले ते अतिशय हळुवार बोलले. "उमेदवाराच्या आईला नुकतीच इजा झाली आहे," ते बाईंना म्हणाले. "तिचं रक्तही आमच्याकडे तपासलं होतं, आकडा फार खाली आला. आपल्या माणसाच्या बाबतीत असा निकाल स्वीकारणं जड जातं. मी तिला दोष देत नाही."

बाईंनी सहानुभूतीने नवीकडे बघितलं. त्या सहानुभूतीतच सगळं आलं.

नंतर जुने आत गेले आणि दाढेचा आकडा दाखवून आले. तासाभरात निकाल लागला. जागा जुन्यांना मिळाली. ते बाहेर आले तेव्हा त्यांना काय करावं ते समजत नव्हतं. इतकी वर्षं न लागलेली कायम असण्याची सवय एकदम लागणार होती. "मी नव्हतं मागितलं गं," ते म्हणाले. ते खरं होतं. सर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, करार संपेपर्यंत ये, मनात काही ठेवू नकोस.

घरी ती अंधार पडायच्या आत पोचली. आई खुर्चीवर होती.

"झाली मुलाखत?"

"झाली."

"मिळाली ना?"

"नाही. जुन्यांना मिळाली. माझा करारही आता नव्याने होणार नाही."

आईचा चेहरा उतरला. "का गं? बोलायला जमलं नाही?"

"जमलं. जे तुला सांगितलं होतं, तेच तिथे सांगितलं. मनगट मोडल्याने काही होत नाही. तुला काही झालेलं नाही."

"सरांसमोर?"

"त्यांच्यासमोरच."

"आणि म्हणून दिली नाही?"

"म्हणून."

 शिवणाच्या वर्गात एखाद्या मुलीने आणलेला कपडा आई उलटा करून शिवण बघायची, तशी ती लेकीकडे बघत होती. कायम जागा म्हणजे या पोरीला काय होतं, ते तिला माहीत होतं. कोणालाही माहीत नसेल इतकं माहीत होतं.

"नोकरी घालवून कोणी कोणाची समजूत काढत नाही," आई शेवटी म्हणाली.

ती उठली. डाव्या हाताने कडी काढायला तिला वेळ लागला, पण नवी पुढे झाली तेव्हा तिने तिला कोपराने बाजूला सारलं. दार उघडून तिने वर हाक मारली, "अगं ए, पोरीला पाठव खाली."

वरून वहिनीचा आवाज आला, "आई, तिला सर्दी झालीय खूप."

"असू दे. पाठव."

ढब्बी पायऱ्या बसत बसत उतरली. नाक वाहत होतं. शेवटच्या पायरीवर ती थांबली, उघड्या दाराकडे बघून तिला क्षणभर काही सुचेना, आणि मग ती सरळ आजीच्या पायांना येऊन चिकटली. आईने तिला एका हाताने उचललं, कसंबसं, प्लास्टरचा आधार देऊन. इतकं सगळं मोजून, मांडून, भरल्या खोलीत सांगून आलेल्या नवीच्याही काळजात एकदा चर्र झालं.

ढब्बी आजीच्या तोंडावर शिंकली. आईने तोंड पुसलंसुद्धा नाही.